तीन चाके, नऊ नक्षत्रे

बेळगाव जिल्ह्याच्या नकाशावर पावसाचे आकडे मांडून पाहिले, तर एकाच जिल्ह्याच्या हद्दीत दोन निराळे प्रांत नांदत असावेत असे वाटल्यावाचून राहत नाही. खानापूर तालुक्यातील कणकुंबीच्या परिसरात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर जिल्ह्याच्या ईशान्य टोकाकडील अथणीचा शेतकरी पाचसहाशे मिलिमीटरवर आपले वर्ष निभावून नेतो. या दोन टोकांच्या दरम्यान, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर बेळगाव शहर वसलेले आहे आणि त्याला लागूनच कंग्राळी बुद्रुक व कंग्राळी खुर्द ही दोन गावे आहेत. येथील पावसात सह्याद्रीचा चिवटपणा आहे आणि देशावरचा लहरीपणाही आहे. तो एकदा बसला की आठआठ दिवस उठत नाही, आणि उठला म्हणून छत्री घरी ठेवून निघावे तर भर बाजारात गाठतो.

अशा पावसात कंग्राळीचा माणूस शहराकडे निघतो तो बहुधा रिक्षाने. बाजार समितीच्या आवारात भाजीची पोती पोहोचवायची असोत, नेहरूनगरातील मोठ्या इस्पितळात म्हाताऱ्या आईला दाखवायचे असो, किंवा मुलांना शाळेच्या पहिल्या तासाला वेळेवर सोडायचे असो, तीन चाकांचे, दोन्ही अंगांनी उघडे आणि माथ्यावर टप घेतलेले हे वाहन नसेल तर या गावांचा दिवस सुरूच होत नाही. आणि तरीही ते पावसात कसे चालवावे, याविषयी आपल्याकडे गंभीरपणे बोलले जात नाही. रिक्षाचा अपघात झाला की चालकाचा हात कच्चा होता असा निकाल देऊन लोक मोकळे होतात, आणि अपघात टळला की त्याच्या हातचलाखीचे कौतुक करतात. निंदा आणि कौतुक या दोहोंच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. ओल्या रस्त्यावरील रिक्षाची सुरक्षितता ऐन प्रसंगी मारलेल्या ब्रेकवर फारच थोडी अवलंबून असते. रिक्षात किती भार घेतला, तिची चाके कोणत्या अवस्थेत आहेत, आणि चालकाने मनाशी कोणता वेग धरला आहे, या गोष्टींवरून ती बव्हंशी गाडी जागची हलण्यापूर्वीच ठरून गेलेली असते.

हे वाहन मुळात कोणत्या कामासाठी निर्माण झाले, ते ध्यानात घेतले म्हणजे या विधानाची सत्यता पटू लागते. दुसऱ्या महायुद्धाने पोळलेल्या इटलीत १९४८ साली पियाज्जो कंपनीने ‘आपे’ नावाचे तीन चाकी मालवाहू वाहन बाजारात आणले. त्याची रचना कोर्रादिनो दास्कानियो या विमानविद्येत मुरलेल्या अभियंत्याची. हातात पैसा नसलेल्या दुकानदाराला अरुंद गल्ल्यांतून थोडा माल स्वस्तात हलवता यावा, एवढाच त्या रचनेचा माफक उद्देश होता. आपल्याकडे नवलमल फिरोदियांनी या जातीच्या वाहनात माणसाने माणसाला ओढण्याच्या लाजिरवाण्या प्रथेवरचा तोडगा पाहिला आणि मुंबई प्रांताचे तत्कालीन गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्यापुढे १९४९ च्या सुमारास तो ठेवला. पुढे १९५९ मध्ये बजाज कंपनीला दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या उत्पादनाचा परवाना मिळाला आणि रिक्षा पुण्यामुंबईकडून गावोगावी पसरली. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईच्याच अंमलाखाली होता, त्यामुळे रिक्षाला प्रथम मान्यता देणारे सरकार येथील लोकांना परके नव्हते. थोड्या मालासाठी, थोड्या वेगासाठी आणि अरुंद वाटेसाठी जन्मलेले हे वाहन आज चौपदरी रस्त्यावर ट्रकांच्या शेजारून दुप्पट माणसे घेऊन धावते, आणि तेही आषाढात. त्याच्याविषयीच्या तक्रारींतील निम्म्याअधिक तक्रारींचे मूळ या विसंगतीत आहे.

रिक्षाची लांबी सुमारे २.६ मीटर, रुंदी १.३ मीटर, आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकांपर्यंतचे अंतर सुमारे दोन मीटर. या तीन चाकांचे जमिनीवरचे टेकू रेषांनी जोडले तर एक निमुळता त्रिकोण तयार होतो, आणि गाडीचा सारा तोल त्या त्रिकोणाच्या आत राहील तोवरच ती उभी राहते. तिपाई सपाट जमिनीवर कधी डगमगत नाही हे खरे, परंतु तिच्या दोन पायांच्या मधल्या कडेवर कोणी रेलला की ती जितक्या सहज कलंडते तितकी चारपायी कलंडत नाही. रिक्षा डावीकडे वळते तेव्हा आतल्या माणसांसकट सारे वजन उजवीकडे झुकते. त्याच क्षणी चालकाने ब्रेक दाबला तर ते वजन पुढेही सरकते, म्हणजे त्रिकोण जिथे सर्वांत अरुंद आहे नेमके तिथे. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या अगोदर, गाडी सरळ रेषेत असताना, आणि वळण घेताना ब्रेकवरचा पाय सैल ठेवायचा, हा या वाहनाचा पहिला नियम होय. कोरड्या रस्त्यावर हा नियम मोडणाऱ्याला पुष्कळदा क्षमा होते. ओल्या रस्त्यावर मात्र मागचे चाक आधी घसरते आणि घसरता घसरता डांबराच्या कडेला किंवा दुभाजकाच्या दगडाला अडखळले की गाडी आडवी होते.

दुसरी गोष्ट चाकोरीची. मोटारीच्या चालकाला समोर खड्डा दिसला तर तो त्याला दोन चाकांच्या मधे घेऊन निर्धास्त पार होतो. रिक्षावाल्याला ही सोय नाही. त्याची तीन चाके रस्त्यावर तीन निरनिराळ्या रेघा ओढीत जातात. खड्डा मागच्या चाकांना चुकवावा तर तो पुढच्या चाकाखाली येतो आणि पुढच्या चाकाला चुकवावा तर मागच्या एखाद्या चाकाला गाठतो. शिवाय ते पुढचे एकुलते एक चाक मार्गिकेच्या नेमक्या मध्यातून चालते, आणि ट्रक-बसच्या पोटातून ठिबकणारे तेल साचते तेही मध्यावरच. मोटारीची चाके त्या तेलकट पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी जातात, रिक्षाचे सुकाणू मात्र त्याच पट्ट्यावर टेकलेले असते. म्हणून पावसात मार्गिकेच्या मध्यापासून वीतभर बाजूला सरून, पुढच्या मोटारीच्या चाकांनी पाणी दाबून काढलेल्या रेघेत आपले पुढचे चाक ठेवावे, हे अनुभवी चालक कोणी न शिकवताही करतात.

आता नक्षत्रांकडे वळावयास हरकत नाही. पाऊस म्हणजे सरसकट एकच वस्तू नव्हे, हे आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मृगापासून हस्तापर्यंतच्या नऊ नक्षत्रांचा तो वेगवेगळा हिशेब ठेवतो आणि त्याप्रमाणे पेरणी, कोळपणी, लावणी यांची तजवीज करतो. रस्त्याचाही असाच नक्षत्रवार हिशेब आहे, आणि कंग्राळीसारख्या अर्ध्या शेतीच्या व अर्ध्या शहराच्या गावात तो फार स्पष्ट दिसतो.

मृगाच्या आधीचा वळीव शेतकरी जमेस धरीत नाही, परंतु रस्ता त्याला अवश्य धरतो. एप्रिल-मे महिन्यांत धूळ, तेलाचे थेंब आणि टायरचा झिजलेला रबर डांबरावर थर धरून बसलेले असतात. वळवाची पहिली सर येते ती हा थर धुण्यापुरती नसते, केवळ भिजवण्यापुरती असते, आणि त्यातून जो बुळबुळीत लेप तयार होतो त्याच्याइतका दगाबाज रस्ता ऐन जुलैतही सापडत नाही. सर कोसळू लागल्यानंतरची पहिली दहापंधरा मिनिटे सर्वांत वाईट. त्याच वेळी रस्त्यावरचा प्रत्येक जण भिजण्याच्या भीतीने घाई करीत असतो. ती पंधरा मिनिटे शक्य असेल तर थांबून घालवावीत, आणि शक्य नसेल तर वेग निम्म्यावर आणावा.

वेगाच्या बाबतीत थोडे गणित केल्यावाचून गत्यंतर नाही. कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण नऊ मीटरांत थांबते. तीच गाडी त्याच वेगाने ओल्या डांबरावर थांबायला पंधरासोळा मीटर घेते. यात चालकाच्या डोळ्यांनी धोका पाहून पायाने ब्रेक दाबेपर्यंत जाणारा एक सेकंद धरलेला नाही, आणि त्या सेकंदात आणखी अकरा मीटर संपतात. उलट ओल्या रस्त्यावर वेग ३० वर ठेवला तर थांबण्याचे अंतर पुन्हा नऊ मीटरांच्या आसपास येते. तेव्हा ओल्या रस्त्यावरचे तीस हे कोरड्या रस्त्यावरचे चाळीस समजावे, इतके साधे सूत्र चालकाने मनात बाळगले तरी पुष्कळ होईल. चिखल असेल तर हे सूत्रही पुरत नाही.

तो चिखल येतो मृग आणि आर्द्रा या नक्षत्रांत. सात-आठ जूनला मृग निघतो. पाऊस वेळेवर असेल तर मार्कंडेय नदीच्या काठची, कडोली-काकतीकडची शिवारे जागी होतात, आणि शेतातून बाहेर पडणारा प्रत्येक ट्रॅक्टर आपल्या मोठ्या चाकांच्या नक्षीत भरलेली माती डांबरी रस्त्यावर आणून झाडतो. शेतवाट जिथे मुख्य रस्त्याला मिळते त्या ठिकाणी पन्नास-साठ पावलांचा पट्टा लाल-काळ्या मातीने सारवल्यासारखा होतो. वरून पाहणाऱ्याला तो डांबराचाच ओला भाग वाटतो. त्या पट्ट्यावर रिक्षाचे एक मागचे चाक चढले की मागच्या धुरीची यंत्ररचना सारा जोर त्या घसरणाऱ्या चाकाला देऊ लागते. पकड असलेले दुसरे चाक रिकामे राहते, गाडीचा मागचा भाग आडवा सरकतो, आणि घाबरून ॲक्सिलरेटर पिळणारा चालक त्या सरकण्यात भरच घालतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर हळूच सैल करावा, मागचा भाग ज्या दिशेला सरकत असेल त्याच दिशेला हँडल किंचित वळवावे, आणि ब्रेकला हात-पाय लावू नये. अलीकडे विजेवर चालणाऱ्या रिक्षा दिसू लागल्या आहेत. त्यांच्या बॅटऱ्यांचे वजन तळाशी असल्यामुळे त्या तोलाला बऱ्या असतात, पण त्यांचा जोर मुठीच्या इशाऱ्यासरशी एकदम उसळतो, म्हणून चिखलात त्यांची मूठ अधिकच हलक्या हाताने पिळावी लागते.

आर्द्रेनंतर येतो पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि मग पुष्याचा म्हातारा पाऊस. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंतचा हा काळ म्हणजे बेळगावच्या पावसाळ्याचा गाभा. या काळात रस्ता धुऊन स्वच्छ झालेला असतो, त्यामुळे घसरण्याचे भय वळवाइतके राहत नाही. परंतु साचलेले पाणी रस्त्याचे खरे रूप झाकून टाकते. डांबरी रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता करण्याची पद्धत आहे. दर मीटर रुंदीला साधारण दोन सेंटिमीटरचा हा उतार पाणी गटाराकडे नेण्यासाठी असतो. वर्षानुवर्षे डांबरावर डांबर चढवून, नळाच्या कामासाठी खणून आणि अर्धवट बुजवून तो उतार ज्या रस्त्यांवर नाहीसा झाला आहे, तिथे पाणी गटारात न जाता मधेच ठाण मांडते. त्या गढूळ पाण्याखाली काय आहे, हे पुढच्या वाहनाकडे पाहिल्यावाचून कळत नाही. पुढची मोटारसायकल कुठे दचकली, बसचे चाक किती बुडाले, यावरून खोली जोखावी आणि मगच पाण्यात शिरावे.

पाण्यात शिरताना पहिला गेअर, एकसारखा ॲक्सिलरेटर आणि मंद चाल. मधे गेअर बदलला किंवा ॲक्सिलरेटर सोडला तर सायलेन्सरमधून पाणी आत ओढले जाण्याचा संभव असतो. पाण्यातच इंजिन बंद पडले तर पुन्हापुन्हा चालू करण्याचा हट्ट न धरता गाडी ढकलून कोरड्यावर आणावी. पलीकडे आल्यावर आणखी एक काम उरते आणि नवशिक्यांकडून हमखास राहून जाते तेही हेच. बहुतेक रिक्षांचे ब्रेक ड्रमचे असतात. ड्रममध्ये पाणी शिरले की लायनर ओले होतात आणि पहिल्या खेपेला पाय खोलवर जाऊनही गाडी थांबत नाही. म्हणून पाणी ओलांडताच, मागेपुढे वाहन नाही असे पाहून, शंभरदोनशे पावले ब्रेक हलके दाबीत गाडी चालवावी. घर्षणाच्या उष्णतेने लायनर वाळतात आणि पायाखाली परत विश्वास येतो.

साचलेल्या पाण्याचे हे नियम वाहत्या पाण्याला लागू नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये मार्कंडेय पात्र सोडून शेतांत पसरली, आणि निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी आल्यामुळे पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद ठेवावा लागला. जुलै २०२१ मध्येही महापुराने या भागाची दैना केली. ज्या पाण्यापुढे महामार्ग हात टेकतो त्याच्यापुढे रिक्षाची मिजास ती किती! फूटभर खोलीचे वाहते पाणी लहान मोटारीला उचलू शकते, आणि रिक्षा तर तिच्याहूनही पुष्कळ हलकी. पुलावरून किंवा फरशीवरून पाणी वाहत असेल तर खोली कितीही कमी दिसो, गाडी परत फिरवावी. तेथे कौशल्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

मघा आणि पूर्वा या नक्षत्रांत पाऊस झिमझिमता होतो आणि त्याच सुमारास गणपती येतात. रात्री उशिरापर्यंत सहकुटुंब आरास पाहत हिंडणारी गर्दी, रस्त्यावर आलेले मंडप, ओल्या डांबरावर पसरलेले दिव्यांचे रंग आणि समोरून येणाऱ्या मोटारींचा पांढराशुभ्र झोत, यांत काळी छत्री घेतलेला माणूस दिसतच नाही. रिक्षाची काच लहान, तिच्यावर एकच वायपर, आणि बाजूंचे पडदे खाली सोडले की आरशात मागचे काही दिसेनासे होते. पडदा पारदर्शक प्लास्टिकचा असावा आणि पिवळा पडला की बदलावा, काचेची आतली बाजू कोरड्या फडक्याने पुशीत राहावी, वायपरचे रबर दर पावसाळ्याच्या तोंडावर नवे घालावे, या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण अपघाताच्या आधीचे दोन सेकंद या क्षुल्लक गोष्टींतूनच मिळतात. उत्तरा-हस्ताचा पाऊस पुन्हा वळवासारखा गडगडाटी, आणि दोन सरींच्या मधल्या उन्हात रस्त्यावर परत धूळ-तेल जमू लागलेले. म्हणजे वर्षाचा हिशेब जिथून सुरू झाला तिथेच येऊन मिळतो.

या सर्वांच्या मुळाशी असलेली तयारी मात्र मृगापूर्वीच व्हावयास हवी. टायर ‘गोटा’ झाला आहे हे प्रत्येक चालकाला बोट फिरवताच कळते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी तीन चाकी वाहनाच्या टायरच्या नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर असावी असे ठरवले आहे. तथापि ही किमान मर्यादा आहे, पावसाळ्याची शिफारस नव्हे, आणि तिच्या काठावर आलेला टायर घालून जून महिन्यात बाहेर पडणे शहाणपणाचे नाही. पुढचा टायर तर तिघांत सर्वांत चांगला असला पाहिजे, कारण दिशा त्याच्या एकट्याच्या ताब्यात असते. ब्रेकच्या पेडलवरचे झिजलेले रबर बदलावे. उघड्या बाजूने येणाऱ्या पावसात चालकाचा उजवा पाय सतत भिजत राहतो, आणि ओली चप्पल गुळगुळीत पेडलवरून निसटण्याचा क्षण नेमका नको तेव्हा येतो. पट्ट्याची, खाचा असलेली पादत्राणे यासाठीच घालावीत.

एवढे सारे करूनही भाराचा प्रश्न उरतो, आणि तो चालकाच्या एकट्याच्या सदसद्विवेकावर सोडून चालणार नाही. परवाना तीन प्रवाशांचा. सकाळी नऊच्या पावसात मात्र मागे चार-पाच जण दाटीने बसतात, चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जण अर्ध्या बुडावर टेकतो, आणि शाळेच्या रिक्षातील पोरांची दप्तरे बाहेर लोंबत असतात. पुढे टेकलेल्या दोघांमुळे हँडल पुरते वळत नाही, आणि त्यांचे वजन पडते ते त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे. हे चालकाला कळत नाही असे नाही. परंतु रिक्षा दुसऱ्याची असेल तर संध्याकाळी मालकाला ठरलेले भाडे द्यायचे असते, स्वतःची असेल तर महिन्याच्या ठरल्या तारखेला हप्ता उभा असतो, आणि पावसाळ्यात फेऱ्या कमी होतात म्हणून मालक भाडे कमी करीत नाही की सावकार हप्ता पुढे ढकलीत नाही. कमी झालेल्या फेऱ्यांची भरपाई मग जास्त माणसे आणि जास्त वेग यांतून होते. ‘मामा, जरा दमानं की’ म्हणणारा प्रवासी विरळा; ‘मामा, जरा लवकर की, वेळ व्हायलाय’ म्हणणारेच पुष्कळ, आणि त्यांतील एखादा उतरताना पावसाचे म्हणून पाच रुपये अधिक मागितले की हुज्जत घालतो.

तेव्हा पावसाळ्यातील रिक्षाची सुरक्षितता ही चालकाला उपदेश करून साधण्यासारखी गोष्ट नाही. शेतकरी मृगाआधी नांगरट, ढेकळे फोडणे, बांध घालणे उरकतो, कारण पाऊस सुरू झाल्यावर ही कामे होत नसतात हे त्याला ठाऊक असते. महानगरपालिकेने आणि ग्रामपंचायतींनी गटारे उपसण्याचे, खणलेले चर बुजवण्याचे आणि रस्त्याचा उतार राखण्याचे काम मे महिन्यातच संपवावे. शेतवाटांच्या तोंडाशी चार-दोन ट्रॉल्या खडी टाकली तर चाकांची माती तेथेच झडेल. एवढ्याने डांबर स्वच्छ राहील आणि यासाठी कोणत्याही मोठ्या योजनेची मंजुरी आणावी लागणार नाही. रिक्षामालकांनी जून ते सप्टेंबरचे रोजचे भाडे थोडे उतरवावे. शाळांनी पावसाळ्यात उशिरा आलेल्या रिक्षातील मुलांना दाराबाहेर उभे करू नये. आणि प्रवाशाने घरून दहा मिनिटे आधी निघावे. चालकाचा भाग यांत लहान आहे असे नव्हे. तीस किलोमीटरचा वेग, तीनच माणसे, वळणाआधी ब्रेक आणि वाहत्या पाण्यापुढे माघार, एवढे त्याने सांभाळलेच पाहिजे. परंतु त्याला ते सांभाळणे परवडेल अशी व्यवस्था करणे हे बाकीच्यांचे काम आहे, आणि आजवर अपुरे राहिले आहे ते नेमके तेवढेच.